चाकांचं घर आणि निंबाचं अंगण

सुरतेजवळ कडोदऱ्याला हायवेलगत एका गॅरेजात ती गाडी उभी होती. जुनी मिनीबस, सीटा काढून आत घर केलेलं. दोन पलंग, भिंतीला दुमडून ठेवता येणारं टेबल, गॅसची शेगडी, टपावर पाण्याची टाकी. मालक एक गुजराती काका. बायको होती तोवर दोघं हिच्यातून सौराष्ट्रातली देवळं फिरले होते. खिडकीला तिनेच शिवलेले पडदे अजून होते.

गाडी मला फिरायला नको होती. गावी न्यायची होती.

लहानपणी आम्ही दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरतेहून गावी जायचो. वडील सुरतेत लूमवर, कापडाच्या मागावर, होते. पॅसेंजर गाडीत आम्ही दोघं भाऊ बोचक्यांवर बसायचो. मध्येच कुठेतरी तापी दिसली की वडील म्हणायचे, "ही सुरतेला चालली. आपण हिच्या उलटं चाललो की घर येतं." गावी अंगणात निंब होता. त्याखाली एकाच खाटेवर आम्ही दोघं झोपायचो. सकाळी अंगावर निंबोळ्या पडलेल्या असायच्या आणि आई चुलीवर खापर ठेवून हातभर रुंद पुरणपोळ्या टाकत असायची. तशी झोप मला नंतर कुठे लागली नाही.

वडील गेल्यावर भाऊ शेतीकडे गेला. मी सुरतेत राहिलो, साड्यांच्या घड्या घालण्यापासून सुरुवात केली आणि लिंबायतमध्ये स्वतःची एम्ब्रॉयडरीची मशिनं टाकली. मार्केटात माझी एक रीत आहे. मालाला नाव ठेवायचं, आपला भाव सांगायचा आणि उठून चालू लागायचं. सावकाश. दाराशी पोचायच्या आत हाक येतेच.

काही वर्षांपूर्वी बायकोला घेऊन आखाजीला गेलो. उंबऱ्यात पाय ठेवला तर भाऊ त्याच्या नव्या सुनेला म्हणाला, "पाव्हनासले पानी दे." पाहुण्यांना पाणी दे. माझ्या बापाच्या घरात. माझं डोकं फिरलं. पिशवी उचलली नि स्टँडकडे निघालो. मार्केटात चालतो त्याहून सावकाश चाललो. हाक आली नाही. तेव्हापासून त्या गावात रात्र काढलेली नाही. लग्न असो, मयत असो, सकाळी जायचं, संध्याकाळी परत, भावाच्या अंगणाकडे फिरकायचं नाही. म्हणून ही गाडी. आपलं घर आपल्याबरोबर. कोणाचं पाणी नको, कोणाची खाट नको.

बायको गाडीत पलंगावर बसून पडदा चाचपत होती. म्हणाली, "कोठे हुभी करशात ही?"

"गावात. आपल्या अंगणात, निंबाखाली."

"अंगण कोनं शे?"

अंगण कोणाचं आहे, ते तिलाही ठाऊक होतं.

"मंग भाऊले इचारनं पडी," ती म्हणाली आणि हसू लपवायला पडद्याकडे तोंड केलं.

मी चिडून काकांकडे वळलो. टायर गेलेत, टपाला गंज आहे, पडदे विटलेत. माझा भाव सांगितला. काका म्हणाले, "पडद्याला काही बोलू नका, भाई. भाव एकज छे." मी उठलो आणि चालू लागलो. गॅरेजच्या फाटकापर्यंत आलो. हाक नाही. बायको मागून आली.

"भाऊलेबी हाईच वाटनं व्हई," ती म्हणाली. भावालाही हेच वाटलं असेल, हा निघाला तो भाव पाडायला. "हाऊ सुरतवाला भाव पाडी राह्यना म्हनीसन."

फाटकातच उभं राहून भावाला फोन लावला.

"निंब आहे का अजून?"

"शे ना. का?"

"त्याखाली एक गाडी मावेल का? आत घर आहे. आखाजीला येईन म्हणतो. गाडीतच झोपेन."

तो म्हणाला, "गाडी मावाव नही. तठे तुनी खाट शे."

"माझी?"

"दर साल टाकस. तू हुभ्या हुभ्याच निंघी जास."

"पाहुण्याला खाट कशाला टाकतोस?" मी म्हणालो.

"ते तू आजून धरी बसना का? मी तर वहिनीले म्हनेल व्हतं. पहिल्यांदा नवी सून पानी देई राह्यंती, तिले काय सांगाव?"

म्हणजे पाहुणे तो माझ्या बायकोला म्हणाला होता, नवी सून पहिल्यांदाच पाणी देत होती म्हणून. मला हे पटलं नाही. अजूनही पुरतं पटलेलं नाही. पण फोन ठेवला आणि रस्त्याला लागलो, तेव्हा मागून काकांनी हाक मारली. भाव खाली आला होता, मी सांगितला त्याच्या जवळपास. आयुष्यात पहिल्यांदा मी खरंच निघालो होतो.

"पडदे चांगले आहेत, काका," मी वळून म्हणालो. "गाडी दुसऱ्या कोणाला तरी द्या."

रिक्षात बायकोने विचारलं, "आखाजीले किती दिन?"

"पाहुणा म्हणाला, तर त्याच संध्याकाळी परत."

"आनि नही म्हना तर?"

"खाट आधी बघू," मी म्हणालो. "सुतळी ढिली असेल तर बोलणार आहे त्याला."