भिंतीवरचे बाबूजी

सौंसरकर मंडळी, आज माझ्या हातून एक खोटं झालं.

सकाळी पाण्याचं मशीन दुरुस्त करायला लोधीखेड्याहून मिस्त्री आला. माझ्या भिंतीवर एका जुन्या, पांढऱ्या दाढीच्या अमेरिकन पोलाद-कारखानदाराचा फोटो आहे. वाचनालयातून रिटायर झालो तेव्हा घरी आणला होता. मिस्त्रीनं त्याला हात जोडले. "काकाजी, हे तुमचे बाबूजी होत का?"

नाही म्हणलं असतं, तर काम करून तो लगेच निघाला असता. मी हो म्हणलं.

मग तो बसला. चहा झाला. बाबूजी गरिबीतून वर आले, गावोगावी वाचनालयं बांधून दिली, सगळं खरं सांगितलं. देश तेवढा सांगितला नाही.

जाताना म्हणे, "बरसी कधी असते? हार घेऊन येतो."

मी पुण्यतिथी उद्याचीच सांगून टाकली. उद्या तो येऊन राहिला. तुम्हीपण या ना.