एडिटरला जमत नाही

आजवर मी पुष्कळ पत्रकं लिहिली, कारखान्यांच्या फाटकांवर उभा राहून वाटली. ही एक गोष्ट मात्र कुणाच्या हाती दिली नव्हती.

घाटकोपरच्या आमच्या खोलीत, वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, युनियनच्या पत्रकांना घड्या घालता घालता मी वाचायला शिकलो. त्यामुळे अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही पाच जण लिस्प भाषेत प्रोग्रॅम लिहायला बसलो, तेव्हा ओळी कशा मांडायच्या हेही मतानेच ठरवायचं, असा हट्ट मीच धरला. लिस्प म्हणजे कंसात कंस, त्यात आणखी कंस. यंत्र कंस बघतं. माणूस मात्र ओळ किती आत सरकली आहे ते बघून अर्थ लावतो. मला पुढची ओळ वरच्या शब्दाच्या बरोबर खाली हवी होती. देखणी दिसते. सुनंदा म्हणाली, असं केलं तर ओळी सरकत सरकत पडद्याबाहेर जातील; दर वेळी दोनच जागा आत घेऊ.

मतं पडली. माझ्या बाजूला मी एकटाच.

आम्ही ज्यात टाइप करायचो तो प्रोग्रॅम म्हणजे एडिटर; ओळी आपोआप आत सरकवायचं काम तोच करायचा, आणि मुळात माझ्याच पद्धतीने. ठरलेला नियम त्याच्यात घालायचं माझ्याकडे आलं — ते मलाच येत होतं. मी घातला. दुपारच्या चहाआधी तो चाललाही. मग मी तो पुसून टाकला आणि सगळ्यांना सांगितलं, "एडिटरला जमत नाही."

का? हरणं सोसवलं नाही. दुसरं काय असणार?

बाकीचे निमूट माझ्या पद्धतीवर आले. सुनंदा नाही आली. ठरलं ते ठरलं, म्हणायची. एडिटर तिची ओळ उजवीकडे ढकलायचा, ती हाताने मागे आणायची. ओळ न् ओळ, कित्येक महिने. मी शेजारीच बसायचो. तिच्या कीबोर्डचा आवाज — तो मला ऐकू येत नव्हता का? येत होता.

साहेबांना ती संथ वाटू लागली. दिवाळीनंतर तिला लिस्पवरून काढून पगाराच्या प्रोग्रॅमवर बसवलं. ड्रॉवर रिकामा करताना मला म्हणाली, "तुझ्यामुळे निदान विचारलं तरी रे आम्हाला. नाहीतर इथे कोण विचारतं?"

मी तिची खुर्ची पलीकडच्या खोलीत नेऊन दिली.

त्याच आठवड्यात मी मताच्या हक्कावर एक पत्रक लिहिलं. लोकांना आवडलं.

एडिटरला जमत होतं.