एकदाच घालायचं गाऱ्हाणं

लॅपटॉपच्या डाव्या अंगाला दोन भोकं होती, एकमेकांना लागून. एक हेडफोनचं, दुसरं माईकचं. कुठलं कुणाचं हे सांगणारी बारीक चित्रं तिथे कधीतरी असणार, पण दादाने मुंबईच्या ऑफिसातून आणलेल्या त्या जुन्या यंत्रावर ती पार घासून गेली होती. दोन हजार सात-आठच्या सुमाराची गोष्ट. मी ओरोसला एका क्लासात कॉम्प्युटर शिकवत होते. मसुऱ्याच्या वाटेवरच्या आमच्या वाडीत सगळ्यांना वाटायचं, हिला कॉम्प्युटरातलं सगळं कळतं. दुर्दैवाने मलाही तसंच वाटायचं.

बाबा गावातले गाऱ्हाणं घालणारे. लग्न असो, घरभरणी असो, नवी होडी पाण्यात जायची असो, देवापुढे नारळ ठेवून सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचं ते बाबांनी, आणि दर मागण्याला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. त्या बाबांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल, बोलणं जाईल. त्या दिवशी दुपारी जीप करून गोव्याच्या इस्पितळात दाखल व्हायचं होतं. त्याआधी सकाळी मला त्यांचं गाऱ्हाणं रेकॉर्ड करून ठेवायचं होतं. शब्द काय, वहीत लिहून घेता आले असते. मला आवाज हवा होता.

माईक मी आदल्या दिवशी कणकवलीहून आणला होता. सकाळी अंघोळ करून बसले, अंदाजाने एका भोकात पिन खुपसली आणि लॅपटॉपवर वाकून ‘एक, दोन, तीन’ म्हटलं. परत लावून ऐकलं तर चिडीचूप. पिन उपसून तेच रेकॉर्डिंग पुन्हा लावलं तर ‘एक, दोन, तीन’ खणखणीत. म्हटलं, माईक लावलेला असताना याचा स्पीकर बंद होत असेल. झालं, समाधान. क्लासातल्या एखाद्या मुलीने असा तर्क केला असता तर मी तिला फाडून खाल्लं असतं.

पिन परत त्याच भोकात घातली आणि बाबांना म्हटलं, “एकदा ट्रायल म्हणून थोडं म्हणून बघा ना.”

बाबा देव्हाऱ्यापुढे पाटावर बसले होते. हसले. “गाऱ्हाणा असा पडताळून बघतत काय गो? नारळ ठेवलो काय देव ऐकूक बसता. तो काय तुझ्या क्लासातला पोर आसा, परत परत हजेरी देवक?”

म्हणजे एकदाच. मध्ये थांबायचं नाही, पुन्हा म्हणायचं नाही.

माईक बाबांच्या पुढ्यात होता. आई आणि मी वायर पोचेल तेवढ्या लांब, लॅपटॉपपाशी. बाबांनी नारळ ठेवला, हात जोडले. “बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वयवाटीच्या म्हाराजा...” आवाज घोगरा झाला होता, दर वाक्याला घासत होता. एके काळी हाच आवाज देवळातून खाली बंदरापर्यंत ऐकू जायचा.

“व्हय म्हाराजा,” आम्ही दोघी म्हणालो. पडद्यावरची हिरवी रेघ टुणकन वर गेली.

बाबा पुढे बोलू लागले. रेघ खाली येऊन झोपली.

पुन्हा आम्ही बोललो, पुन्हा रेघ वर. बाबा बोलले, रेघ जागची हलेना. तिसऱ्या खेपेला माझ्या ध्यानात आलं. लॅपटॉपच्या पोटातही एक बारीक माईक असतो, ते मीच तर शिकवत होते. तोच ऐकत होता, आम्हा दोघींना, जवळ बसल्या म्हणून. बाबांच्या पुढ्यातला माईक मुकाच होता. पिन आत असताना स्पीकर का गप्प झाला, तेही आत्ता कळलं. पिन हेडफोनच्या भोकात होती.

आता काय करू? थांबवता येत नव्हतं. पिन उपसली आणि सगळंच रेकॉर्डिंग बंद पडलं तर? नाही उपसली तर उरणार काय, लॅपटॉपच्या पंख्याची घरघर? बाबा एकेका देवाचं नाव घेत होते, आणि घेतलेलं प्रत्येक नाव वाया जात होतं. मी भित्री नाही, विंचू चपलेने मारलेले आहेत. पण तेव्हा त्या दोन इंचांवरच्या पिनेकडे हात न्यायला मला जितकी भीती वाटली तितकी पुढे ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेरही वाटली नाही. आई तोंडाने ‘व्हय म्हाराजा’ म्हणत डोळ्यांनी मला विचारत होती, काय झालं?

शेवटी मी पिन उपसली आणि शेजारच्या भोकात घातली. खट्ट आवाज झाला. पडद्यावर एक चौकट आली, काय जोडलंत म्हणून विचारणारी. थरथरत्या बोटाने मी काहीतरी दाबलं, ती गेली. आणि रेघ बाबांच्या आवाजाबरोबर नाचू लागली. त्या वेळी ते काय म्हणत होते ते माझ्या कानात शिरलंच नाही.

संपल्यावर त्यांनी विचारलं, “सगळा इला मा?”

“सगळा इला, बाबा,” मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. “मग आता माका बोलाक नको.” आणि खरंच ते बोलले नाहीत. घसा दुखत होता, डॉक्टरांनीही गप्प राहायला सांगितलं होतं. गोव्यापर्यंतच्या जीपमध्ये मी शेजारी बसले होते. खरं सांगून टाकावं, काहीतरी बोलत राहा म्हणावं, असं दर वळणावर वाटत होतं. पण खोटं उघडं पडेल म्हणून मी खिडकीबाहेर बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांचा आवाज गेला.

ती फाईल मी उघडली नाही. दोन महिन्यांनी बाबा खुणेने रेकॉर्डिंग मागू लागले, तर आज चार्जर नाही, उद्या लाईट नाही, असं चालवलं. एका रविवारी सकाळी त्यांनी स्वतःच लॅपटॉप आणून माझ्यापुढे ठेवला, देव्हाऱ्यापुढे नारळ ठेवला आणि पाटावर बसले. गळ्याला पांढरा रुमाल. आई माझ्या शेजारी बसली. माझी सुटका नव्हती.

मी लावलं. घरघर सुरू झाली. मग एकदम मोठ्याने आईचा आणि माझा आवाज, “व्हय म्हाराजा.” पुन्हा घरघर. मी मान वर करायचं धाडस केलं. बाबांनी हात जोडले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. एकेक देव ते घेत होते, आवाजाशिवाय, आणि नेमके संपवत होते तिथे आमचे दोन आवाज त्यांना व्हय म्हणत होते.

मग खट्ट झालं. बाबांचा घोगरा आवाज घरभर भरला आणि त्यांचे ओठ थांबले.

“...आणि म्हाराजा, ह्या माझ्या चेडवाचो हात थरथरता हा. घाबारलीसा ता. तेच्या हातसून काय चुकला-माकला आसात तर ता पोटात घाल, आणि तेका कोण काय विचारूक येव नको, असा कर म्हाराजा.”

पिन बदलताना त्यांनी मला पाहिलं होतं. सगळं आलं नाही हे त्यांना तेव्हाच ठाऊक होतं.

“व्हय म्हाराजा,” शेजारी बसलेली आई म्हणाली. बाबा हात जोडून माझ्याकडे बघत राहिले. मीही ओठ हलवले, त्यांच्यासारखेच, आवाजाशिवाय.