हवाबाईंचा आकडा

आमच्या वन्संना, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला, घरात सगळे हवाबाई म्हणतात. अर्थात त्यांच्या माघारी. नाव मीच ठेवलंय. त्या इलेक्ट्रिक टॅक्सी चालवतात आणि पर्समध्ये कंगव्याऐवजी हवा मोजायचं मीटर बाळगतात. सकाळी चहाच्याही आधी, टायर गार असताना, प्रत्येक चाकापुढे उकिडवं बसायचं आणि दाराच्या आतल्या स्टिकरवर छापलाय तेवढाच आकडा ठेवायचा. "हवा जास्त भरा, बॅटरी पुरते," असं एखाद्या गिऱ्हाइकाने सुचवलं, की त्याची तिथल्या तिथे हजेरी घेतात. बाई तिखट. मीही काही कमी नाही, त्यामुळे आमचं फार जमतं असं कुणी म्हणणार नाही.

यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं, "स्क्रू नवे आहेत. मोठा दणका बसला, तर पायांची खात्री मी देणार नाही." अ‍ॅम्ब्युलन्स बोलवूया म्हटलं, तर हे हट्टाला पेटले. येणार तर ताईच्याच गाडीतून.

हॉस्पिटलच्या दारात यांना उशा लावून मागच्या सीटवर आडवं केलं. मी हळूच म्हटलं, "वन्सं, हवा थोडी कमी करा ना. गाडी मऊ चालेल."

"नाही."

"अहो, तुमच्या सख्ख्या भावाची पाठ आहे!"

"म्हणूनच नाही. बस गुपचूप."

माझी कॉलेजात जाणारी लेक काहीतरी बोलणार होती, पण आत्याने डोळे वटारले तशी ती मुकाट्याने पुढे जाऊन बसली. तेवढ्यात मला दिसलं, मागचं डावं टायर कोरं करकरीत होतं. "भावापेक्षा टायरचे लाड जास्त," मी त्यांना ऐकू जाईल असंच म्हटलं आणि यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले.

कारखान्याच्या भिंतीलगतचा रस्ता ट्रकांनी पार उखडलाय. वन्सं गोगलगायीसारखी गाडी चालवत होत्या आणि मागचे हॉर्न वाजवून वाजवून जीव खात होते. प्रत्येक खाचेला हे माझं मनगट आवळायचे. मी मनातल्या मनात वन्संचा उद्धार करत होते.

पुलाच्या तोंडाशी धारदार कडेचा एक मोठा खड्डा आहे. वन्सं त्याला वळसा घालत असतानाच समोरून एक मोटरसायकल अंगावर आली. त्यांनी ब्रेक मारला, गाडी वळवली, आणि मागचं डावं चाक दाणकन खड्ड्यात गेलं. हे किंचाळले. गाडी थांबली.

"पाय हलव," वन्सं म्हणाल्या. मान वळवून बघायचीही त्यांची छाती झाली नाही.

मी चादरीखालच्या पायांकडे बघत होते. काहीच हलेना.

"अरे, हलव ना रे!" त्यांचा आवाज फुटला.

मग एक अंगठा हलला. जरा वेळाने दुसरा पाय. "दचकलो गं ताई," हे कसेबसे म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला आणि तोंड सुटलं. "बघितलंत? हवा कमी असती तर एवढं बसलं असतं का?"

लेक रडतच मागे वळली. "आई, पुरे! काल आत्या इथे मागच्या सीटवर, बाबांच्या जागी आडवी झाली होती. मला गाडी चालवायला लावली, याच रस्त्याने. आधी हवा कमी करून. बाकी रस्ता मऊ लागला, पण या खड्ड्यात टायर पार चेपलं आणि लोखंडी रिमच कडेवर आपटली. बॅटरीमुळे गाडी केवढी जड! आत्या सीटवरून उडाली. टायरला फुगा आला, म्हणून ते नवीन घातलं. मग स्टिकरएवढी हवा भरून तिने मला परत याच खड्ड्यात गाडी घालायला लावली. तेव्हा कमी बसलं."

"तुला कुणी तोंड उघडायला सांगितलं होतं?" वन्सं म्हणाल्या आणि निघाल्या.

घरी यांना पलंगावर नीट झोपवलं. बॅग उचलताना वन्संचा हात कमरेवर गेलेला मी पाहिला. आतल्या खोलीत नेऊन पदर बाजूला केला, तर कमरेच्या वर पंजाएवढं काळंनिळं. मला माझीच लाज वाटली.

"दुखतंय का?"

"मला काय धाड भरलीय! तू नवऱ्याकडे बघ."

"आधी पालथ्या पडा," मी दरडावलं, आणि नवल म्हणजे त्यांनी ऐकलं. मी शेकायची पिशवी आणून कमरेवर ठेवली.

मग म्हणाल्या, "मला मागे बघवलंच नाही. आधी कुठला अंगठा हलला गं?"

"उजवा," मी म्हटलं, आणि वन्सं उशीत तोंड खुपसून रडायला लागल्या.