बोर्डरूमच्या दारातली फिजिओ

'नॉट इन हिअर, लव्ह. लेडीज रूम समोर आहे.'

दारावरच्या स्टुअर्डनं हात आडवा घातला. माझ्या अंगावर फुटबॉल क्लबचा ट्रॅकसूट, हातात खेळाडूंचा इंज्युरी रिपोर्ट. तरी त्याच्या लेखी मी कुणाची तरी बायको. ऐंशीच्या दशकातली, इंग्लंडमधली गोष्ट. त्या क्लबच्या बोर्डरूममध्ये बाईनं पाऊल टाकायचं नाही, असा रिवाजच होता. डायरेक्टरांच्या बायकाही समोरच्या खोलीत सँडविच खात बसायच्या. पण त्यांना निदान खोली होती. मी त्यांच्यातलीही नव्हते. स्टुअर्डनं कागद ओढून घेतला आणि दार लावलं.

दार लागण्याआधी आत मॅनेजर, म्हणजे टीमचा मुख्य कोच, दिसला. त्यानंही मला पाहिलं. मग खाली बघितलं.

हा माणूस स्कॉटलंडचा. नावाजलेला मिडफिल्डर. त्याच्या क्लबनं दुखणं दाबायची इंजेक्शनं टोचून टोचून त्याला खेळवलं, गुडघ्याचा पार भुगा झाला, तेव्हा तो नॉटिंगहॅमला आमच्या हॉस्पिटलात आला. मी तिथे फिजिओ. आठ महिने मी तो पाय वाकवत होते. माझ्या टेबलावर तो ढसाढसा रडलाय. पुन्हा दोन सीझन खेळला. मॅनेजर झाल्यावर त्यानंच मला क्लबात आणलं. 'यू सेव्ह्ड मी,' म्हणायचा. आता तोंडात मिठाची गुळणी. गरज सरो, वैद्य मरो.

घरी सांगितलं. नवरा भूल देणारा डॉक्टर. म्हणाला, 'अगं, जॉब आहे तो. मनावर नको घेऊस. तुला काय त्यांच्याबरोबर शेरी प्यायचीय?'

नाही घेतलं मनावर. दोन वर्षं दर शनिवारी दारातूनच कागद दिला. सांगायला लाज वाटते. माझी आई गावात बाळंतपणं करायची. सवर्णांच्या घरी मूल सुखरूप झालं, की तिला मागच्या दारानं काढून द्यायचे. ती वाटभर शिव्या घालत यायची. मी शिकलेली. मी शिव्याही घातल्या नाहीत.

मग कपची मॅच आली. आमच्या मिडफिल्डरचा गुडघा टम्म सुजलेला. मी लिहिलं, अनफिट. किक-ऑफला तास उरला असताना मॅनेजर ट्रीटमेंट रूममध्ये आला.

'फिट लिही, प्लीज. बोर्ड वाट बघतंय. एक इंजेक्शन, नव्वद मिनिटं.'

'तुलाही असंच सांगितलं होतं ना?'

त्यानं घड्याळाकडे बघितलं.

'मग मीच आत जाऊन सांगते.'

'तुला आत घेणार नाहीत. माझी इज्जत घालवू नकोस.'

त्याची इज्जत! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच दारात गेले. स्टुअर्डनं सवयीनं हात पुढे केला. कागद दिला नाही. म्हटलं, 'रिपोर्ट माझ्याबरोबर आत येईल.' आतून चेअरमन ओरडला, 'गेट रिड ऑफ हर!'

मी वळले आणि थेट ड्रेसिंग रूममध्ये गेले. मॅनेजर मागोमाग. सगळ्यांसमोर त्या खेळाडूला सांगितलं, 'आज खेळलास, तर हा गुडघा पुन्हा उभा करणारं कुणी नाही. मीसुद्धा नाही.' त्यानं मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजर जमिनीकडे बघत राहिला. खेळाडूनं बुटांच्या नाड्या सोडल्या.

सोमवारी मला काढलं. मॅनेजर पुढे मोठ्या क्लबात गेला, पेपरात फोटो यायचे. मला वाईट वाटत नाही. राग येतो, आणि तो मी विझू देत नाही.

हॉस्पिटलनं परत घेतलं. नव्वदच्या दशकात बर्मिंगहॅमकडच्या एका क्लबचा फोन आला. मी एवढंच विचारलं, 'बोर्डरूममध्ये येता येईल?' पलीकडचा घुटमळला. मी फोन ठेवला.

माझे हात हवे असतील, तर मी अख्खी आत येणार. नाहीतर हातही मिळणार नाहीत.