एकटी का जोडीनं?

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नागपूरला, कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. मामी एवढंच म्हणाली, "सकाळी चहा मागितला, अन् घेतलाच नाही..." मी "हो" म्हटलं आणि फोन ठेवला. अशा वेळी मला काही सुचत नाही. मामाला ते ठाऊक होतं. माझ्या वाट्याचं बोलणंही तोच करायचा.

तो सालेकशाकडे गुरांचा डॉक्टर होता. सातवीच्या सुट्टीत त्याच्या मोटारसायकलवर मी गावोगाव फिरले. एका घरी सून सविता हिच्यासोबत आंदण आलेली कालवड गाभण राहत नव्हती. वर्षभर मामा सुया टोचत होता, दर वेळी "या खेपेले राहीन" म्हणत होता. सवितालाही मूल नव्हतं. सासूने शेवटी ठरवलं, "जशी गाय तशी बाई. दोघींलेही माहेरी पोचवून देतो."

आम्ही पोचलो तेव्हा बैलगाडी दारात उभी होती. दावं सोडता सोडता सविता कालवडीला हळूच म्हणाली, "चाल, तुह्या जोडीचा गोऱ्हा असन तिथं."

मामा थबकला. "जोडीचा?"

"हो जी. एकाच वेताचे दोघं."

मामा ओसरीवर बसला. मग सासूला म्हणाला, "धानाच्या दोन बांध्यांमधला धुरा फुटला का वरच्या बांधीचं पाणी खालच्या बांधीत येते ना? तसं मायच्या पोटात गोऱ्ह्याचं रक्त हिच्यात आलं. हिची पिशवी पुरी बनलीच नाही."

"मंग वर्षभर सुया काऊन टोचल्या?"

"जोडीची हाय का, मी इचारलंच नाही. चूक माही. सुनेचा काय संबंध?"

"डॉक्टर असून?"

"डॉक्टर असूनच."

कुणीतरी हसलं. गाडीचे बैल सोडले. सविता राहिली, कालवडही राहिली. परतताना मामा म्हणाला, "वर्षभर त्या पोरीनं बोल खाल्ले... माह्यापायी."

पुढे इंग्रजी पुस्तकात हे सगळं वाचलं. वाय गुणसूत्र असलं की नराची वाट, नसलं की मादीची. अशा कालवडीची स्वतःची गुणसूत्रं मादीचीच असतात. जुळ्या भावाच्या रक्तातून आलेली द्रव्यं तिच्या पिशवीची वाढ अडवतात. पुस्तकात आकृती होती. मला फुटलेला धुराच दिसला.

सविताच्या घरच्या त्या दिवसापासून कुठल्याही कालवडीला हात लावण्याआधी मामा विचारायचा, "एकटी झाली का जोडीनं?" लग्नात लोक चिडवायचे, "डॉक्टर आता नवरीलेही इचारतीन."

तेरवीच्या दिवशी अंगणात माणसं बसली होती. लांबच्या गावचा एकजण आला. त्याला काही कळलेलं नव्हतं. "डॉक्टरसाहेब हायेत का? कालवड फळून नाही राहिली." मामीने पदर तोंडाला लावला. मी दाराआड होते.

"एकटी झाली का जोडीनं?" माझाच आवाज होता.

"जोडीनं, बाई. संग गोऱ्हा होता."

मी बाहेर आले. मामाची खुर्ची भिंतीशी रिकामी होती, ती त्याच्याकडे सरकवली. "बसा. मामा गेले," म्हटलं. तो टेकला, तेव्हा विचारलं, "घरी यावरून कुणाला बोल तर लावला नाही ना?"