नाकाला येईल तेवढंच

आमचे आबकारी मामा वाइन घेऊन बसायचे ते भल्या सकाळी. स्वयंपाकघरात मामीची फोडणी पडायच्या आत त्यांचं सगळं आटोपलेलं असायचं. पडेगावच्या त्यांच्या घरी रविवारी कुणी अवचित गेलं, तर आंघोळ करून पांढराशुभ्र सदरा घातलेले मामा दिसायचे, समोर तीन ग्लास, लेबल दिसू नये म्हणून जुन्या युनिफॉर्मच्या खाकी मोज्यांत घातलेल्या तीन बाटल्या आणि बाजूला चाखलेला घोट थुंकायला आजोबांची पितळी पिकदाणी. आलेला माणूस दारातूनच परत फिरायचा आणि साहेब रिटायर झाल्यावर बिघडले, असं गल्लीभर सांगायचा. मामांना त्याचं काही वाटत नसे. "फोडणी एकदा घरात फिरली की नाक दिसभर तिच्या ताब्यात," ते म्हणायचे. "मग म्होरं अमृत ठिवलं तरी मोहरीच लागती."

उभी नोकरी त्यांनी दारू पकडण्यात घालवली. हातभट्ट्या फोडल्या, गूळ-नवसागराची पिंपं नाल्यात रिकामी केली, पण जिभेला थेंब लावला नाही. दारू कुठल्या गावची, ते मात्र नुसत्या वासावरून सांगायचे. निवृत्तीनंतर त्यांनी तांबडी वाइन धरली, तीही जुनी. मामीनं कपाळावर हात मारला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "सगळी उमर माणसं मारणारी दारू बघितली. जी बाटलीत बसून वाढती ती बघू दे की आता."

खातं सुटलं तरी कायदा सुटला नव्हता. ग्लासाला हात लावायचा असेल तर आधी एक दिवसाचा परवाना घ्यायचा, हा त्यांचा दंडक. दुकानातून परवाने ते स्वतः आणून ठेवायचे आणि पाहुण्याचं नाव सुवाच्य अक्षरात लिहून त्याच्या हातात द्यायचे. वाळूजला माझ्या ऑफिसात मी हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसला नाही. मी त्यांची सख्खी भाची, पण माझ्यासाठीही दर खेपेला नवा परवाना असायचा. रक्ताच्या नात्याला सूट द्यायची नाही, अशी त्यांची नोकरीतली सवय होती.

आमच्याकडच्या उन्हाळ्यात बाटली जिवंत ठेवणं म्हणजे खायचं काम नाही. मामांनी जिन्याखालच्या खोलीत वाळूचा ढिगारा करून त्यात एक मोठा रांजण गळ्यापर्यंत पुरला होता. त्यात बाटल्या आडव्या. सकाळ-संध्याकाळ ते वाळूवर पाणी मारायचे, एखाद्या रोपाला घालावं तितक्या मायेनं. त्या खोलीत त्यांनी मला पहिला धडा दिला. "जुनं व्हणं येगळं आन् मुरणं येगळं. जुनं काय, कुणीबी व्हतं. पडून ऱ्हायलं की झालं. मुरायला आत कायतरी असावं लागतं."

तीन ग्लास पुढे ठेवून ते मला तुलना करायला लावायचे. आधी ग्लास त्यांच्या सदऱ्यासमोर तिरका धरायचा. कोवळी वाइन कडेपर्यंत जांभळी दिसते, मुरलेलीची कड विटकरी होते. मग वास, आणि सगळ्यात शेवटी घोट. तुरटपणा त्यांनी सुपारीवर शिकवला: कोवळी वाइन हिरव्या सुपारीसारखी तोंड आवळते, मुरलेली भाजक्या सुपारीसारखी नरम लागते. मी एकदा कुठंतरी वाचलेलं काहीबाही बोलले तेव्हा त्यांनी ग्लास काढून घेतला. "पंचनाम्यात मनातलं ल्ह्यायचं नाय. नाकाला यील तेवढंच." त्यानंतर मी सुकं अंजीर म्हटलं तर खरोखर अंजीर आल्यावरच म्हटलं.

रांजणाच्या तळाशी एक बाटली होती. तिच्याबद्दल मामा कधी बोलत नसत आणि ती मोज्यातून बाहेरही काढत नसत. ती थोरल्या मामांच्या मळ्यातली होती.

थोरले मामा गंगापूरला शेती करतात. आबकारी मामांनीच एकेकाळी त्यांच्या मागे लागून मुरमाड रानात वाइनची द्राक्षं लावायला लावली. "दादा, माझ्या नाकावर इस्वास ठिव," असं म्हणाले होते. जवळच एक लहानसा कारखाना होता. त्यानं काही हंगाम माल घेतला, वाइन केली, आणि एके दिवशी गाशा गुंडाळला. वाइनची द्राक्षं बाजारात कुणी घेत नाही. बारीक, जाड सालीची, बियांनी भरलेली. पोरं तोंडात टाकून थुंकायची. थोरल्या मामांनी सगळे वेल स्वतःच्या हातांनी उपटले आणि आबकारी मामांना निरोप धाडला, "तुझ्या नाकापायी माझं रान नागडं झालं." तेव्हापासून सख्ख्या भावांचं बोलणं बंद. लग्नकार्यात दोघं पंगतीच्या दोन टोकांना बसायचे आणि मधे माझी आई वाढण्याच्या निमित्तानं दोघांकडे जाऊन येऊन रडायची.

ती बाटली चांगली मुरली, तर आपण दादाला वाईट सल्ला दिला नव्हता, काळ फक्त आडवा आला, एवढं मामांना सिद्ध करायचं होतं. त्यासाठी ते वर्षानुवर्षं वाळूवर पाणी मारत होते. मला हे कळत होतं आणि मला त्या बाटलीची धास्ती वाटायची.

मग एका उन्हाळ्यात मामांना ताप आला. बरेच दिवस दवाखान्यात काढून ते घरी आले, पुन्हा सदरा घालून बसू लागले. पावसाळ्यात एका रविवारी ते मला दुसऱ्या ग्लासातला जांभळाचा वास समजावून सांगत होते, आणि आत मामीचं दूध करपलं. घर त्या वासानं भरून गेलं. माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं, आणि मामा जांभळावरच होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते बोलायचे थांबले.

"काय जळालं?" त्यांनी हळूच विचारलं.

"दूध. कधीपासून, मामा?"

"तापापासून. कायसुदिक येत नाय." ते दाराकडे बघून म्हणाले, "मामीला सांगू नको. ती रोज इचारती, भाजी कशी झाली म्हणून."

ज्या नाकावर मामा उभा जन्म जगले तेच गेलं आणि त्यांना चिंता मामीच्या भाजीची. मला तिथंच भडभडून आलं.

थंडी पडली तेव्हा मामांनी ठरवलं. बाटली आता उघडायची आणि दादाला बोलवायचं. निरोप माझ्याकडूनच गेला. थोरल्या मामांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "यीन. पेणार नाय. वास घीन फकस्त." मी आबकारी मामांना तसं सांगितलं आणि त्यांनी मला जिन्याखाली नेलं.

"नाक तुझं," ते म्हणाले. "धाडीत आमचा माणूस आधी आत जायचा आन् रुमालानं खूण करायचा. तसंच करायचं. वाइन जित्ती आसली तर रुमाल टेबलावर ठिव. गेली आसली तर मुठीत धर."

"आणि गेली असली तर?"

"तर दादाला म्हणायचं, तू खरा व्हतास, मी चुकलो." ते थांबले. "पर खोटी खूण करू नको, पोरी. माझ्यावर माया म्हणून तर आजाबात नको."

रविवार उजाडला. मामीनं चूलच पेटवली नव्हती, देवापुढे उदबत्तीही लावली नव्हती. थोरले मामा आले ते हातात पिकलेल्या पेरूंची पिशवी घेऊन. खोलीत पाऊल टाकताच पेरूंचा घमघमाट सुटला. पूर्वीच्या मामांनी भाऊ असो की बाप असो, पिशवीसकट बाहेर काढलं असतं. थोरल्यांनी पिशवी त्यांच्या पायाशीच ठेवली आणि खुर्चीत बसले. मामा काहीच बोलले नाहीत. मीच पिशवी उचलून आत ठेवून आले.

मामांनी आधी परवाना लिहिला आणि भावापुढे सरकवला. थोरल्यांनी तो हातात धरून वाचला. "माझ्या रानातल्या द्राक्षाला तुझा परवाना व्हय रं?"

"कायदा हाय, दादा."

कित्येक वर्षांनी दोघांचं झालेलं बोलणं ते एवढंच. थोरल्यांनी परवाना घडी करून खिशात घातला.

थोरल्या मामांनी उभ्या जन्मात कुणाचं तोंडदेखलं कौतुक केलेलं नाही. स्वतःच्या विहिणीला त्यांनी भर पंगतीत श्रीखंड आंबलंय म्हणून सांगितलं होतं. वास घ्यायचा म्हणून आले खरे, पण ग्लास हातात आल्यावर त्यांनी सरळ तोंडाला लावला. पहिली नाशिकची होती. "शाई पेल्यावानी," ते म्हणाले. दुसरी माझ्या दिरानं परदेशातून आणलेली, चांगली मुरलेली, विटकरी कडेची. "थोरामोठ्यांची आसंल. मला भिजल्या बुटाचा वास आला." मामांना हसू आवरेना. माझं मात्र सगळं लक्ष तिसऱ्या मोज्याकडे होतं.

मामांनी बूच काढलं. ते आक्रसून सुपारीएवढं झालेलं होतं आणि बाजूनं ओघळ वाळलेला दिसत होता. तेव्हाच माझ्या लक्षात आलं. तापाच्या दिवसांत मामा दवाखान्यात, मामी त्यांच्या उशाशी, आणि वैशाखात वाळूवर पाणी मारायला घरात कुणी नव्हतं. मामांनी गाळ न हलवता, टॉर्चच्या उजेडात, अगदी सावकाश ओतलं. रंग सुरेख होता. मी ग्लास नाकाशी नेला आणि वास थेट डोळ्यांपर्यंत गेला. सिरका. वाइनचं व्हिनेगर झालं होतं, दुसरं काही नाही. कुठं अंजीर सापडतंय का म्हणून मी पुन्हा पुन्हा वास घेतला. सापडलं नाही.

माझ्या मांडीवर रुमाल होता. तो टेबलावर ठेवला असता तर समोरचा माणूस सुखानं झोपला असता. पण त्यानंच मला शिकवलं होतं. मी रुमाल मुठीत धरला.

मामांनी माझ्या मुठीकडे पाहिलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मग त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली, हात जोडल्यासारखे टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "दादा..."

तोवर थोरल्यांनी ग्लास उचलून तोंडाला लावला होता. त्यांनी एका दमात तो रिकामा केला. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. डोळे लाल झाले. ग्लास खाली ठेवून ते म्हणाले, "मुरली की रं, धाकल्या."

मामांनी पुन्हा माझ्या मुठीकडे पाहिलं, मग भावाकडे. जोडलेले हात त्यांनी सोडवले, बाटली उचलली आणि भावाचा ग्लास काठोकाठ भरला.

"मग घे की आजून," ते म्हणाले.

थोरल्यांनी ग्लासाकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि तोही रिकामा केला.

आत मामीनं फोडणी टाकली. दोघं भाऊ शेजारी शेजारी पाटावर जेवले. मामांनी भाजीचं नेहमीसारखं कौतुक केलं. जाताना थोरल्यांनी उरलेली बाटली मोज्यासकट पिशवीत घातली, "माझ्या रानातली हाय, मी न्हेतो," म्हणून. त्यानंतर दर रविवारी गंगापूरहून फोन यायचा. पुढच्या दिवाळीच्या आत आबकारी मामा गेले. थोरल्यांनी त्यांच्यासाठी केलेला आक्रोश मला अजून ऐकू येतो.

काही महिन्यांनी मी गंगापूरला गेले. जेवायला बाजरीची भाकरी, पिठलं आणि ताटाच्या कडेला सिरक्यात घातलेला लालचुटुक कांदा होता. थोरले मामा म्हणाले, "वळख." मी सवयीनं आधी वास घेतला आणि घास हातातच राहिला.

"तीच," ते म्हणाले. "बरणीत वतली. उसाचा रस घालत ऱ्हातो अधूनमधून. मरू दिली नाय."

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं?"

"पहिल्या घोटालाच. जीभ सोलून निघाली की माझी." ते भाकरी मोडत म्हणाले. "पर त्याच्या आधी पेरूंची पिशवी त्याच्या पायाशी ठिवली आन् तो बोलला नाय, तवाच कळलं का त्याचं नाक गेलंय. मग म्हटलं, त्याला कोण सांगणार हाय? मुरली म्हणून टाकलं. सुखानं गेला बिचारा."

मी रुमालाची गोष्ट त्यांना सांगितली. मुठीची खूण आणि तिचा अर्थ, दोन्ही. तुम्ही ग्लास उचलण्याआधीच मामांना सगळं कळलं होतं, हेही सांगितलं.

थोरल्या मामांचा हात थांबला.

"म्हंजी ठावं आसूनबी त्यानं मला दुसऱ्यांदा वतली व्हय?"

"काठोकाठ," मी म्हटलं.

"लई हरामी," ते म्हणाले, आणि हसता हसता त्यांनी उपरणं डोळ्यांना लावलं. ते बराच वेळ काढलं नाही. मग एका हातानं चाचपडत त्यांनी बरणी पुढे ओढली आणि माझ्या ताटात आणखी कांदा वाढला.